लल्ला हनियाची बरणी

मोरोक्कोतल्या आमच्या सेफ्रू गावात कुणाच्या घरी पाळणा हलायची वेळ आली की पहिलं बोलावणं सुईणीला जायचं आणि दुसरं हनियाला. हनिया यायची ती बाह्या सावरतच. पीठ तांबूस होईपर्यंत भाजायचं, बदाम तळून कुटायचे, तीळ निवडून घ्यायचे, मग लोणी, मध, बडीशेप, दालचिनी घालून परातीत सगळं हातानं मळायचं. बाळंतिणीच्या अंगात ताकद यावी म्हणून आमच्याकडे हे सेल्लू करतात, रमजानातही करतात. पण हनियाच्या हातचं एकदा खाल्लं की दुसऱ्या कुणाचं घशाखाली उतरत नाही, असं सासवासुद्धा कबूल करायच्या. आणि सेफ्रूतल्या सासवा सहजासहजी काही कबूल करत नाहीत.

एरवी ती गल्लीतल्या इतर बायकांसारखीच उंबऱ्यावर बसून जेलाब्यांना, म्हणजे टोपीच्या पायघोळ झग्यांना लावायची रेशमी बटणं विणायची. नवरा बूश्ता फेसच्या रस्त्यावर टॅक्सी चालवायचा. मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण गेली तेव्हा तिची पोर शामा हनियाकडे आली ती कायमचीच. शामा तिला सगळ्यांसारखं 'खालती', म्हणजे मावशीच म्हणायची, पण ती हाक आईला मारल्यासारखी असायची.

शामा नाकीडोळी नीटस, पण अंगानं काडी. गल्लीतल्या बायका थट्टा करायच्या, "हनिया, पोरीला वाऱ्यात उभी करू नकोस गं, उडत उडत फेसला जाईल. बूश्ताची एक फेरी वाचेल." हनिया हसायची, पण ते तिला लागायचं. बहिणीच्या पोरीला आपण पोटभर जेवू घालत नाही असं तर लोकांना वाटत नसेल? पुढे शामाचं लग्न फेसच्या एका कापडवाल्याच्या मुलाशी ठरलं. मागणी घालायला आलेल्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर शामाचं मनगट आपल्या चिमटीत धरून पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत जरा अंगात भरू दे मुलीला. आमच्याकडे हाडं मोजायची पद्धत नाही." त्या दिवशी पाहुणे गेल्यावर हनियानं शामाला पुन्हा एकदा जेवायला वाढलं.

सेल्लूचा धंदा शामानंच सुरू करून दिला. मावशी परात मळत असताना तिनं फोनवर चित्रफीत काढली आणि सगळ्यांना बघायला इंटरनेटवर टाकली. पाहता पाहता रबातच्या, तंजाच्या, अगादिरच्या बायका विचारू लागल्या, आम्हाला पाठवता का? हनियाला नवल वाटायचं. ज्या गावाचं तोंड पाहिलं नाही तिथल्या बाया तिला आदरानं 'लल्ला हनिया', म्हणजे हनियाबाई म्हणत होत्या, स्वतःच्या मुलींची दुखणीखुपणी सांगत होत्या. भूक लागत नाही, अंग धरत नाही, नवरा टोमणे मारतो. हनिया प्रत्येकीशी बोलायची.

या बोलण्याचा वास मादाम वफा नावाच्या एका बाईला लागला. ती कासाब्लांकाहून आली. पांढरी गाडी, उंची अत्तर, आणि जिभेवर मध. हनियाच्या बैठकीत चहा घेता घेता तिनं सगळं जग उलगडून दाखवलं. आता लोकांना गोळ्या नकोत, त्यांना निसर्ग हवा. दवाखान्यात तासभर रांगेत बसायचं आणि डॉक्टर तोंडाकडेही बघत नाही. त्यापेक्षा फोनवर एक बाई भेटते, मायेनं बोलते, तिच्या हातचं खाऊन बरं वाटतं. लोक आता आजारासाठी पैसे काढत नाहीत, निरोगी दिसण्यासाठी काढतात. तिच्या हाताखाली अशा कितीतरी बाया होत्या. एकीचा बारीक व्हायचा चहा होता, एकीचं केसांचं तेल, एकीचा झोप येणारा मध.

"तुमचा चेहरा म्हणजे सोनं आहे, लल्ला," ती म्हणाली. "पण नुसत्या सेल्लूनं अंग भरायला वर्ष जातं. आजकाल कुणाला धीर नसतो."

मग तिनं पिशवी काढली. आत पिवळसर पूड होती. डोंगरातल्या मुळ्या, ती म्हणाली, वाळवून दळलेल्या. हनियानं चिमूटभर जिभेवर ठेवली. मेथीचा वास होता. मेथीच्या खाली काहीतरी कडू होतं, पण मेथीसारखं कडू नव्हतं. तिनं विचारलं, यात आहे तरी काय?

"तुमच्या सेल्लूत काय काय आहे ते तुम्ही सांगता का कुणाला?" वफा हसली.

हनियाही हसली. हाताला गुण असणाऱ्या बाईला हे उत्तर पटण्यासारखंच होतं.

ती पूड घातलेली पहिली बरणी तिनं शामासाठी केली. रोज सकाळी कोमट दुधाबरोबर चमचाभर सेल्लू ती स्वतःच्या हातानं भरवायची, लहानपणी भरवायची तसं. शामाला कडकडून भूक लागू लागली. जेवण झाल्यावर पुन्हा भाकरी मागायची. महिन्याभरात गालांवर गोलाई आली, आणि गल्लीतल्या बायकांची भाषा बदलली. "चौदावीचा चंद्र दिसतेय गं पोरगी," त्या म्हणायच्या आणि नजर लागू नये म्हणून अल्लाचं नाव घ्यायच्या. फेसहून सासूबाई आल्या, त्यांनी यावेळी मनगट धरलं नाही, गाल कुरवाळला.

मग मागणी अशी वाढली की बटणांची सुई गंजली. वफानं बरण्यांवर चिकटवायला कागद छापून पाठवले. त्यावर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या हनियाचा हसरा चेहरा होता. पार्सलवाल्याची मोटारसायकल रोज दारात. शेजारच्या दोघीतिघी बदाम सोलायला येऊन बसायच्या. बूश्ता मितभाषी माणूस. तो एकदाच म्हणाला, जे इतकं लवकर चढतं ते लवकर उतरतंही. हनियानं त्याला, तू टॅक्सी सांभाळ, म्हणून गप्प केलं.

पहिला खडा लागला तो मेक्नेसच्या एका बाईच्या निरोपाचा. तिनं फोनवर आवाज भरून पाठवला होता, दबक्या सुरात, घरातल्या कुणी ऐकू नये असा. हनुवटीवर केस येतायत, लल्ला. जरा कुठं आपटलं की निळं पडतं, आठवडा आठवडा जात नाही. सेल्लूमुळे तर नसेल ना?

हनियानं तो निरोप वफाला ऐकवला. वफा म्हणाली, काळजी करू नका, शरीर साठलेली घाण बाहेर टाकतंय, खरं औषध लागू पडलं की असंच होतं. तिला सांगा, एक चमचा वाढव. हनियानं शब्दन् शब्द तसाच पुढे सांगितला. सांगताना तिचा मायाळू आवाज कुठेही अडखळला नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती उठून माठाशी गेली. ती पाणी प्यायली, पुन्हा प्यायली.

त्यानंतर ती शामाकडे चोरून पाहू लागली. पोरगी जिना चढताना मध्येच थांबते का? पायांवर सूज आहे का? मानेच्या मागे हे काय वर आलंय? विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं की ते खरं होणार.

आणि मग हमामातला तो दिवस आला. लग्नाला अजून अवकाश होता, पण हनिया शामाला घेऊन दर आठवड्याला गल्लीतल्या हमामात जायची. वाफेनं भरलेल्या आतल्या खोलीत बाया आपापल्या बादल्या घेऊन बसलेल्या, पोरांची रडारड, साबणाचा वास. हनियानं हातात खरबरीत मोजा चढवला आणि शामाची पाठ घासायला घेतली. एरवी ती जोरात घासायची. त्या दिवशी मोजा खांद्यावरून खाली आला आणि त्याच्यामागोमाग कातडीखाली रक्त साकळत गेलं. तिचा हात जागच्या जागी थांबला.

"काय झालं, खालती?"

"काही नाही. वळ जरा."

शामा वळली. पोटावर आणि मांड्यांवर जांभळे पट्टे उमटले होते. बोटभर रुंद, आतून उसवल्यासारखे. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. खालच्या शिरा दिसत होत्या. हनियानं चटकन शामाभोवती टॉवेल गुंडाळला, पलीकडच्या बायकांकडे आपली पाठ केली आणि म्हणाली, चल, आज पाणी फार कढत आहे. शामानं मान खाली घातली. तिनं ते पट्टे आधीच पाहिले होते. ती आपली कुणी विचारेल म्हणून वाट बघत होती.

घरी आल्यावर हनियानं पुडीची पिशवी मोरीत ओतली. पाणी पिवळं होऊन वाहत गेलं. इतर बायकांना तिनं कळवलं की बदाम महागलेत, काही दिवस बरण्या निघणार नाहीत. शामाला दुसऱ्या दिवसापासून नुसतं सेल्लू दिलं, पूड न घालता. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. वाईट वस्तू थांबवली की वाईट थांबतं, एवढंच तिला ठाऊक होतं. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

शामाची भूक आधी गेली. मग तिला उभं राहवेना. साधी सर्दी झाली होती, तेवढ्यानं ती अंथरुणाला खिळली. ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट दुखू लागलं, अंग गार आणि ओलं. हनिया लिंबाचं पाणी देत होती, थाइमच्या पानांचा काढा देत होती, आणि प्रत्येक घोट पुन्हा बाहेर येत होता. एका सकाळी दुधाचा पेला घेऊन ती खोलीत गेली तर शामा अंथरुणाच्या कडेला पडलेली, डोळे अर्धे उघडे, आणि हाक मारली तरी ते डोळे हनियाकडे वळत नव्हते.

बूश्तानं टॅक्सीत बसलेली माणसं उतरवली आणि शामाला मागच्या सीटवर आडवी घातली. फेसपर्यंतच्या रस्त्यावर हनिया तिच्या तोंडाशी कान नेऊन श्वास ऐकत होती. गाडी खड्ड्यात गेली की तो ऐकू येईनासा व्हायचा, आणि ती शामाच्या छातीवर हात ठेवून पाहायची.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली. रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, सलाईन लावलं आणि विचारलं, मुलगी काय घेत होती? गोळ्या, इंजेक्शन, जडीबुटी?

"काही नाही, डॉक्टरसाहेब," हनिया म्हणाली. "घरचंच खाते. माझ्या हातचं."

हे शब्द तोंडातून निघाले आणि तिला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ते ऐकतोय. खरं सांगावं तर बूश्ता ऐकेल, शामाच्या सासरचे ऐकतील, पोलीस येतील, बरणीवरचा चेहरा साऱ्या मुलुखात ओळखीचा आहे. तोंड उघडलं तर सगळं जाईल. आत पडद्यामागे कुणीतरी धावत गेलं. यंत्राची किणकिण वाढली. हनिया भिंतीला टेकून उभी राहिली.

डॉक्टरीण पुन्हा बाहेर आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "खालती, रक्तदाब वर येत नाहीये. मी आंधळ्यासारखी औषध देतेय. मला एकच सांगा. हिचं तोंड मध्यंतरी गोल झालं होतं का? चंद्रासारखं?"

सगळ्या गल्लीनं ज्याला अल्लाची कृपा म्हटलं होतं ते या डॉक्टरिणीला दुखण्याचं चिन्ह म्हणून ठाऊक होतं. हनियानं फोन काढला, बरणीचं चित्र समोर धरलं आणि सांगितलं. मेथीचा वास, मुळ्या, मादाम वफा, रोजचा चमचा, मोरीत ओतलेली पूड, सगळं. बूश्ता बाजूलाच उभा होता. त्यानं नुसती टोपी काढून हातात धरली.

पुडीत कॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडचं औषध, मिसळलेलं असणार, डॉक्टरीण म्हणाली. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, आणि मग ते अचानक तोडलं की शरीर उघडं पडतं. तिनं परिचारिकेला इंजेक्शनचं नाव ओरडून सांगितलं. हनियाला त्यातलं एवढंच कळलं की पोरीला तेच परत देणार आहेत.

"तेच विष?" तिनं विचारलं.

"तेच औषध. मोजून. आणि मोजूनच महिनोन् महिने कमी करत न्यायचं." मग जाता जाता ती थबकली. "बंद केलं ते फक्त हिचंच ना?"

मेक्नेस, तंजा, अगादिर. सगळ्या बायकांच्या बरण्या एव्हाना रिकाम्या होत आल्या असतील. भीतीपोटी हनियानं एकच शहाणपणाचं काम केलं होतं, आणि तेच जिवावर बेतणारं निघालं होतं.

शामा दुपारपर्यंत डोळे उघडून पाणी मागू लागली. हनियानं तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि बाहेर आवारात संत्र्याच्या झाडाखाली बसून एकेकीला फोन लावू लागली. डॉक्टरिणीनं सांगितलेलं वाक्य तिनं घोकून घेतलं होतं: बरणीतलं आपल्या मनानं चालू ठेवू नका, आणि आपल्या मनानं एकदम सोडूही नका, आजच्या आज डॉक्टरकडे जा आणि कॉर्टिसोन हे नाव सांगा. सांगायला किती अवघड होतं ते! विष खाऊ नको म्हणणं सोपं असतं. तिला सांगायचं होतं की माझ्याकडून विष घेतलंस, आता ते सोडायलासुद्धा घाबर.

मेक्नेसची बाई रडली आणि तिनं लगेच जाते म्हटलं. तंजाच्या एकीनं शिव्यांची लाखोली वाहिली. हनियानं ती सगळी ऐकून घेतली आणि मग पुन्हा तेच वाक्य सांगितलं. कुणाच्या नवऱ्यानं फोन हिसकावून पोलिसांचं नाव घेतलं. अगादिरची एक मात्र हसली. "लल्ला, धंदा दुसऱ्या कुणाला विकलात वाटतं? म्हणून आम्हाला घाबरवता? असली बरणी उरली असेल तर मला द्या, दुप्पट देते." या हसण्याची हनियाला शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटली. फोनवर एक मायाळू आवाज तिनं इतका खरा करून ठेवला होता की आता तो खरं बोलायला लागल्यावर कुणी मानेना. वफाचा नंबर लागला नाही. तो नंबर अस्तित्वातच नाही असं यंत्र सांगत राहिलं.

शेवटी एकीचाच फोन लागायचा राहिला. यामना तिचं नाव. बूइब्लान डोंगराच्या पायथ्याशी, तिझी नावाच्या वाडीत राहायची. बाजारच्या दिवशी कुणाच्या तरी हातून बरण्या मागवायची. तिच्या निरोपांत मागे कोंबड्यांचा कलकलाट असायचा आणि ती नेहमी एकच विचारायची, नवरा दुसरी बायको आणायचं म्हणतोय, अंग कधी भरेल? तिचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद.

बूश्ता दवाखान्यात आल्यापासून हनियाशी बोलला नव्हता. शामाजवळ शेजारीण बसायला आली तेव्हा त्यानं टॅक्सीचं दार उघडलं आणि एवढंच म्हणाला, "चल. वर बर्फ पडायच्या आत."

देवदारांच्या रानातून रस्ता वर जात होता. वळणावळणावर हनियाला वाटत होतं, पोचू नये. आणि तेवढंच वाटत होतं, उशीर होऊ नये. वाडीच्या तोंडाशी मेंढरं हाकणाऱ्या एका म्हाताऱ्याला यामनाचं घर विचारलं. त्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, तुम्हीही तिला बघायलाच आलात का? बघायला म्हणजे कसं बघायला, हे विचारायचं हनियाला सुचलं नाही.

घरात बायका जमल्या होत्या. ऊद जळत होता. कोपऱ्यात घोंगड्यांखाली यामना पडलेली. तोंड अजून गोल, पण राखेच्या रंगाचं. एक फकीह, म्हणजे गावचा मौलवी, गुडघे मोडून बसला होता आणि ताईतासाठी कागद दुमडत होता. सासू म्हणाली, चार दिवस अन्न पोटात ठरत नाही. नजर लागलीय पोरीला. सुंदर झाली होती ना, शेजारणींना बघवलं नाही.

हनियाला पाहिल्याबरोबर एक मुलगी कुजबुजली, ही तर बरणीवरची बाई. सगळ्यांच्या माना वळल्या. एका म्हातारीनं तर आदरानं तिचा खांदा शिवला, जणू आता बरं करणारी आली. अजूनही वेळ होती. चार शब्द आशीर्वादाचे बोलून, बरं करते म्हणून पोरीला गाडीत घालून नेता आलं असतं. पण खरं कारण न सांगता इतक्या लांब कोण नेऊ देणार? आणि फेसच्या दवाखान्यातला तो पहिला खोटा जबाब अजून तिच्या जिभेवर कडू लागत होता.

"नजर नाही लागली हिला," हनिया म्हणाली. "माझी बरणी लागली. माझ्या बरणीत औषध होतं. मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. माझी पोरगी याच दुखण्यानं दवाखान्यात पडलीय. हिला आत्ता खाली नेलं नाही तर ही जगायची नाही."

सासूनं पुढे येऊन तिच्या थोबाडीत मारली. हनियानं हात वर केला नाही. त्या बाईनं दुसऱ्यांदा हात उगारला, पण तो मध्येच खाली आला आणि तिनं त्याच हातानं सुनेच्या अंगावरचं घोंगडं ओढून तिच्याभोवती गुंडाळलं. "उचला हिला," ती बाकीच्यांना म्हणाली. नवरा अंगणात उभा होता, कोवळ्या चेहऱ्याचा, मान खाली घातलेला. त्यानं आणि बूश्तानं मिळून यामनाला गाडीत घातलं.

उतारावर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडू लागलं. यामनाचं डोकं हनियाच्या मांडीवर होतं. पुढे सासू जपाची तसबीह ओढत होती आणि प्रत्येक मण्यागणिक मागे वळून पाहत होती. त्या नजरेत शाप होता की विनवणी, हनियाला कळेना. एका वळणावर यामनानं डोळे उघडले आणि अस्पष्ट विचारलं, "लल्ला... सोडलं तर पुन्हा बारीक होईन का?" हनियाला रडू आलं नाही. भीतीनं तिच्यातलं रडणंच गोठून गेलं होतं. "होशील," ती म्हणाली, "पण असशील." आणि तिच्या गार हातांवर आपले हात चोळत राहिली.

खालच्या दवाखान्याच्या दारात परिचारिकेनं काही विचारायच्या आत हनियानं ते नाव सांगितलं. कॉर्टिसोन. मोठ्यानं, दोनदा, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

यामना वाचली. तिचा नवरा दुसरी बायको आणतोय की नाही ते आमच्या कानावर आलं नाही. हनिया आपल्या पायानं ठाण्यावर गेली. उरलेल्या बरण्या त्यांनी उचलून नेल्या, बरंच लिहून घेतलं, आणि ते प्रकरण अजून चालूच आहे. मादाम वफा कुणाला सापडली नाही; तिचं खरं नाव वफा होतं की नाही तेही कुणाला सांगता येत नाही. मेक्नेसची बाई अधूनमधून फोन करते. अगादिरची ती हसणारी मात्र पुन्हा कधी बोलली नाही, आणि हनियाला कळत नाही की ती रागावलीय की काही बरंवाईट झालंय. त्या नंबरावर ती अजून फोन लावते. तो वाजतो, कुणी उचलत नाही.

फेसच्या सासरच्यांनी लग्न पुढे ढकललं, मग पुढे ढकललेलं लग्न मोडलं. शामा पुन्हा काडी झाली. छोट्या गोळ्या घेते, दर महिन्याला डॉक्टरीण त्यातली थोडी कमी करते, आणि साधा ताप आला तरी घरात सगळ्यांची पाचावर धारण बसते. ती मावशीशी बोलते, हसतेही. दोघी एकाच छताखाली राहतात, कारण रक्ताचं दोघींना दुसरं कुणी नाही.

फक्त एक गोष्ट बदलली. शुक्रवारी कुसकुसचं, वाफवलेल्या रव्याचं, मोठं ताट मध्ये ठेवतात, भाज्यांचा ढीग, वर वाफ. बूश्ता बिस्मिल्ला म्हणतो. शामा चमचा हातात धरून थांबते आणि हनियाकडे बघते. त्या बघण्यात राग नसतो. ती सवयीनं, जवळजवळ मायेनं म्हणते, "आधी तू खा, खालती."

हनिया पहिला घास घेते. तिनं स्वतः रांधलेला, स्वतः चाखलेला. तरी गिळताना तिला तो घशात क्षणभर जाणवतो, आणि पोटात उतरेपर्यंत ती श्वास रोखून बसते.